दोन दिवस गोळी थांबवली तर चालेल का?

पत्र:

प्रिय काकू, मी वेंगुर्ला तालुक्यातला, वय २७. समुद्राजवळ आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. दीड वर्षापूर्वी बाबा गेले. मग झोप उडाली, रात्री छातीत धडधडायला लागलं. बाहेरगावच्या एका डॉक्टरांनी नैराश्य-घबराटीवरची एसिटालोप्रॅम १० मिलिग्रॅम सुरू केली, तिला आठ महिने झाले. आईला यातलं काही माहीत नाही. मार्चमध्ये एका पाहुण्यानं जाताना सुकवलेल्या मॅजिक मशरूमची पुडी दिली. म्हणाला, परदेशात डिप्रेशनवर आता हेच देतात. मे महिन्यात त्यातलं थोडं खाऊन बघितलं, काहीच वाटलं नाही. गोव्यातला माझा मित्र म्हणतो, तुझ्या गोळीमुळे ते लागत नाही, सोबत हरमलचं बी घे. त्यानं शरीरातलं एन्झाइम बंद पडतं आणि निम्म्या मशरूममध्ये दुप्पट काम होतं. ॲमेझॉनच्या जंगलात हजारो वर्षं असंच करतात म्हणे. ‘काय एक होवचा नाय,’ असं त्याचं म्हणणं. हरमल आणून ठेवलंय. गणपती झाले की पाहुणे कमी असतात, तेव्हा एका रात्री सड्यावर, समुद्रावरच्या कातळपठारावर, जाऊन एकट्यानं करावं असं डोक्यात आहे. गोळी दोन दिवस आधी थांबवली तर चालेल ना? इथे डॉक्टर काय, मेडिकलवाला काय, सगळे ओळखीचे. कुणाला विचारू?

उत्तर:

नाही रे, चालणार नाही. दोन दिवस थांबवून नाही, चार दिवस थांबवूनही नाही. ते हरमल तर त्या पुडीच्या आसपासही नेऊ नकोस. पुढचं वाचायला तुला कंटाळा आला तरी एवढं पोचावं म्हणून आधीच लिहून टाकते. आणि आज रात्रीची गोळी चुकवू नकोस.

आता सावकाश बोलू. मी अठ्ठावीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी होते. एवढ्या काळात एक कळलं, की माणूस चुकीचं औषध घेऊन क्वचित अडचणीत येतो. बहुतेक वेळा तो दोन बरोबर औषधं एकत्र घेऊन येतो, आणि त्यातल्या एकाबद्दल कुणाला बोललेला नसतो. तू मला पुडीबद्दल आणि बियांबद्दल विचारलंस. मी मात्र पत्र वाचताना तिसऱ्याच ओळीवर थांबले, तुझ्या गोळीच्या.

तुझा मित्र अर्धं बरोबर सांगतोय, म्हणून तर जास्त भीती वाटते. मशरूममधलं सायलोसायबिन पोटात गेलं की त्याचं सायलोसिन होतं आणि ते मेंदूत निरोप पोचवणाऱ्या सेरोटोनिन या द्रव्याच्या एका ठरावीक खुंटीवर जाऊन बसतं. एसिटालोप्रॅमसारखी गोळी बरेच महिने चालू असेल तर त्या खुंट्यांची वागणूक बदलते आणि पुष्कळ लोकांना मशरूमचा परिणाम बोथट जाणवतो. मे महिन्यात तुला काही वाटलं नाही त्याचं हे एक कारण असू शकतं. दुसरं अगदी साधं कारणही आहे. पुडीतल्या मालात दम नसेल. एका मशरूममधून दुसऱ्यात या द्रव्याचं प्रमाण कित्येक पटींनी बदलतं.

इथपर्यंत ठीक. पण ‘लागत नाही, तर हरमल घाल’ हे त्याचं पुढचं वाक्य जिवावर बेतणारं आहे. का, ते आपल्याकडच्याच गोष्टीनं सांगते.

खारजमिनीच्या बांधाला उघाडी असते, ती तू लहानपणापासून बघितली असशील. ओहोटीला आतलं पाणी तिच्यातून बाहेर जातं आणि भरती आली की झडप आपोआप मिटते. शरीरातही अशी एक उघाडी आहे. तिचं नाव मोनोअमाइन ऑक्सिडेज, एमएओ. सेरोटोनिन, ॲड्रेनलिनच्या घरातली द्रव्यं, खाण्यातून आलेली काही रसायनं, सगळ्यांचा निचरा तिच्यातून होतो. सायलोसिनचाही थोडा भाग तिथूनच जातो. हरमलच्या बियांमधली हार्मिन आणि हार्मालिन ही द्रव्यं या उघाडीवर फळी ठोकतात. तुझ्या मित्राला वाटतं की त्यामुळे फक्त मशरूमचं पाणी आत साठेल. फळीला काय कळतंय, कुठलं पाणी अडवायचं आणि कुठलं सोडायचं? ती सगळंच अडवते.

त्यात तुझ्या शेताला निचऱ्याची दुसरी वाट होती, ती आधीच बुजवलेली आहे. एसिटालोप्रॅमचं काम तेच असतं. वापरून झालेलं सेरोटोनिन पेशी परत आत ओढून घेतात, ते ती थांबवते. डॉक्टरांनी ती वाट मुद्दाम आणि मोजून बुजवली, कारण दुसरी उघडी आहे हे त्यांना माहीत होतं. आता तू दुसरीवरही फळी ठोकायला निघालास. पाऊस तर पडतच असतो. मग भात कुजायला किती वेळ?

या कुजण्याला वैद्यकात सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. माणूस अस्वस्थ होतो, घामानं निथळतो, हगवण लागते, बुबुळं मोठी होतात, हातापायांना थरथर सुटते, स्नायू आखडतात. वाढलं की ताप चढत जातो, झटके येतात, शुद्ध हरपते. बहुतेकदा हे सगळं काही तासांत होतं. नुसत्या मशरूम-हरमलमध्ये हे होण्याची शक्यता त्या मानानं कमी असते, कारण सायलोसिन सेरोटोनिनचा साठा वाढवत नाही, स्वतःच जाऊन खुंटीवर बसतं. खरा स्फोटक जोड हरमल आणि गोळी यांचा आहे. म्हणजे पुडीतली मशरूम अगदी फुसकी निघाली तरी तू सड्यावर आडवा होऊ शकतोस.

ही थरथर कशी दिसते ते मी माझ्याच चुकीमुळे बघितलंय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. एक मास्तर नेहमीचे गिऱ्हाईक, त्यांची फ्लुऑक्सेटिनची (तुझ्या गोळीचीच बहीण) पाकिटं दर महिन्याला मीच द्यायचे. पावसाळ्यात कोरडा खोकला झाला म्हणून सिरप मागायला आले. गर्दी होती. मी मागची बाटली काढून दिली, त्यात डेक्स्ट्रोमेथॉर्फन होतं. तेही सेरोटोनिन वाढवणारं, आणि वर फ्लुऑक्सेटिन त्याचा निचरा अडवतं. मास्तरांनी खोकला थांबेना म्हणून झाकणानं मोजायचं सोडून बाटलीच तोंडाला लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी बायको त्यांना धरून दुकानात घेऊन आली. सदरा पाठीला चिकटलेला, जबडा कडकड वाजत होता. मी स्टूल दिलं. बसले, आणि त्यांचा उजवा पाय शिवणयंत्राच्या पायटीवर ठेवल्यासारखा आपोआप खालीवर व्हायला लागला. त्यांनी गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला तरी टाच फरशीवर टपटप आपटतच होती. रिक्षा करून दवाखान्यात पाठवलं. दोन दिवसांत बरे झाले. मी रात्री बिलबुक काढलं तर एकाच पानावर, माझ्याच अक्षरात, वर गोळी आणि चार ओळी खाली सिरप. तेव्हापासून कुणी खोकल्याचं औषध मागितलं की ‘दुसरं काय चालू आहे?’ हे विचारल्याशिवाय माझा हात फडताळाकडे गेला नाही. मास्तरांच्या दोन्ही वस्तू साध्या होत्या आणि त्यात एमएओ अडवणारं काहीच नव्हतं. ते जेव्हा असतं तेव्हा प्रकरण याहून फार पुढे जातं. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली अठरा वर्षांची एक विद्यार्थिनी एमएओ अडवणारी नैराश्याची गोळी घेत होती. तिला इस्पितळात थरथर थांबवायला पेथिडिन हे वेदनाशामक दिलं गेलं आणि काही तासांत ती गेली. या दोन औषधांची गाठ हेच त्यामागचं कारण मानलं जातं. शिकाऊ डॉक्टरांनी आठवड्यात किती तास काम करावं यावर तिकडे मर्यादा आली ती याच प्रकरणातून. इस्पितळात, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत हे झालं. तू तर सड्यावर एकटा असणार.

दोन दिवसांचा हिशोब तुला कुणी सांगितला माहीत नाही. एसिटालोप्रॅमचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच सव्वा दिवसाच्या आसपास लागतो. दोन दिवसांनी तिचा चांगला तिसरा हिस्सा अंगात असतो. डॉक्टर जेव्हा ही गोळी बंद करून एमएओ अडवणारं औषध सुरू करतात, तेव्हा मध्ये दोन आठवडे मोकळे सोडतात. फ्लुऑक्सेटिन असेल तर पाच आठवडे. आणि आता हे वाचून ‘मग दोन आठवडे थांबतो’ असं मनात आलं असेल तर थांब. आठ महिन्यांची गोळी अचानक सोडली की चक्कर येते, डोक्यात करंट मारल्यासारखं होतं, विनाकारण रडू येतं, आणि ज्यासाठी ती सुरू केली ते दुखणं परत दारात उभं राहतं. अशा पंधरवड्याच्या शेवटी, ऐन खचलेल्या मनानं, तू एकटा काळोखात ते खाणार. मला तरी हे पहिल्या बेताहून बरं वाटत नाही.

राहिली ॲमेझॉनची गोष्ट. ती ऐकायला छान वाटते, पण इथे लागू होत नाही. तिकडच्या आयाहुआस्का काढ्यात एक वेल असते आणि एका झुडपाची पानं असतात. पानांमध्ये डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य असतं, ते तोंडानं घेतलं तर एमएओ त्याचा पोटातच फडशा पाडतं. म्हणून वेल लागते. तिच्यात हरमलसारखीच द्रव्यं आहेत. मशरूमला या टेकूची गरजच नाही, ते नुसतं खाल्लं तरी काम करतं. मेक्सिकोत ओआहाका भागातल्या मारिया साबिना या वैदू बाईच्या विधींमुळे १९५० च्या दशकात जगाला ही मशरूम कळली. तिथेही मशरूम होती, हरमल नव्हतं. १९५८ मध्ये आल्बर्ट हॉफमन यांनी स्वित्झर्लंडमध्ये त्यातून सायलोसायबिन वेगळं काढलं. मशरूम आणि हरमलचा जोड हा अलीकडे शहरी हौशी मंडळींनी घरच्या घरी बसवलेला प्रकार आहे. त्याला नाव मात्र आयाहुआस्काच्या चालीवर दिलंय, सायलोहुआस्का. नावातच हजार वर्षांची उधारी!

‘निम्म्यात दुप्पट’ हेही गणित नाही. सायलोसिनचा बराचसा निचरा यकृतातल्या दुसऱ्याच एन्झाइमांकडून होतो, त्यामुळे एमएओ अडवल्यावर परिणाम किती वाढेल हे माणसागणिक वेगळं. एरवी चार-सहा तासांत ओसरणारा अंमल लांबतो, जास्त खोल जातो, आणि नको झालं म्हणून उतरवता येत नाही. मशरूमचा दम माहीत नाही, बियांचा माहीत नाही, तुझ्या यकृताचा वेग माहीत नाही. तीन अनोळखी आकडे गुणून उत्तर काढायचं तर आमच्या वेळच्या गणिताच्या बाईंनी छडीच मारली असती.

हरमल स्वतःही गरीब नाही. कोरड्या मुलखातलं हे झुडूप. इराणपासून काश्मीरपर्यंत दृष्ट काढायला त्याच्या बियांची धुनी देतात, म्हणून लोकांना ते उदबत्तीसारखं निरुपद्रवी वाटतं. धुनी वेगळी आणि पोटात जाणं वेगळं. नुसत्या बियांनी मळमळ, भरपूर उलट्या, कंप, तोल जाणं, नाडी मंद होणं, रक्तदाब उतरणं हे सगळं होतं. एक गंमत सांगते. आपल्या परसातल्या अडुळशात वासिसिन नावाचं द्रव्य असतं, नाव ‘वासा’वरूनच पडलंय. हरमलमधून एक द्रव्य निघालं, त्याला त्या झाडाच्या नावावरून पेगॅनिन म्हटलं. नंतर कळलं, दोन्ही एकच. त्यानं गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणून पोटुशी बाईला ना अडुळशाचे जोरकस काढे द्यावेत, ना हरमल घरात खाण्याच्या वस्तूंजवळ ठेवावं. तुझ्या घरी पाहुणे येतात, कुणी तीळ समजून फोडणीत टाकले तर? विचार कर.

आता जेवणाचं. उघाडीवर फळी असताना आपल्या किनाऱ्यावरचं साधं जेवणही अंगाशी येऊ शकतं. १९५० च्या दशकात क्षयाच्या एका औषधानं रोग्यांची मनं उल्हसित होतात असं दिसलं. ते एमएओ अडवणारं निघालं आणि नैराश्यावरच्या पहिल्या गोळ्या त्यातून आल्या. मग काही रोग्यांना अचानक फुटतंय असं डोकं दुखायला लागलं, रक्तदाब भडकायला लागला, कुणाला कारण कळेना. नॉटिंगहॅमच्या एका फार्मासिस्टची बायको ही गोळी घेत होती. त्यानं पाहिलं, की दूध-लोण्यानं काही होत नाही, चीज खाल्लं की डोकं उठतं. त्यानं ते डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल यांना पत्रानं कळवलं, आणि १९६३ मध्ये ही भानगड उलगडली. मुरलेल्या, आंबलेल्या, फार दिवस टिकवलेल्या पदार्थांत टायरामिन तयार होतं. एरवी आतड्यातलं एमएओ ते मोडून टाकतं. ते अडलं की टायरामिन सरळ रक्तात जातं आणि दाब चढवतं. (माणूस फार्मासिस्ट होता, हे मी जरा ठासून सांगतेय. आमच्या जमातीचं कौतुक एवी तेवी कुणी करत नाही.)

आपल्याकडे चीज कुठलं? आपलं चीज म्हणजे सुका बांगडा, खारा, सुकट, गोलमो. १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्याला, तेव्हा सगळी भिस्त त्या बेगमीवर. डब्यात दमट झालेल्या सुक्या मासळीत ही द्रव्यं वाढतात. माडीही आंबलेलीच. हरमलचा अडथळा जुन्या गोळ्यांसारखा आठवड्यांचा नसतो, तो काही तासांत सैल पडतो आणि सुक्या मासळीचा धोकाही त्या मानानं कमी. कमी, पण नाही असं नव्हे. आणि तू बेत आखलायस तो नेमका गणपती गेल्यानंतरच्या रात्रीचा, जेव्हा इतक्या दिवसांचा शाकाहार सुटून घराघरात बांगड्याचा वास सुटलेला असतो.

जिमला जाणाऱ्या पोरांकडे खाजकुयलीच्या बियांची पावडर असते, कवचबीज म्हणून. तिच्यात एल-डोपा असतो. एमएओ अडवणाऱ्या कशाबरोबरही ती घेऊ नये, त्यानंही दाब उसळू शकतो. कंबरदुखीला कुणी ट्रामाडॉल दिलं असेल तर तेही याच यादीत, मघाचं खोकल्याचं सिरपही. मनाच्या टोकाच्या चढउतारांवर लिथियम चालू असलेल्यांना नुसत्या मशरूमनंही फिट आल्याच्या नोंदी आहेत. कृष्णकमळात, सराट्यात, तंबाखूच्या धुरातसुद्धा हरमलच्या नात्यातली द्रव्यं सापडतात, पण अगदी नाममात्र. त्यासाठी अंगणातला वेल उपटू नकोस.

त्या पुडीबद्दल थोडं. सुकवून चुरा झालेल्या मशरूमवरून ती कुठली हे ओळखता येत नाही, मोडल्यावर निळी पडली तरी खात्री नाही. आपल्याकडे आषाढ-श्रावणात वारुळावरची अळंबी ओळखणाऱ्या म्हाताऱ्या बायका असतात. त्यासुद्धा ओलं, देठासकट, उगवलेल्या जागेवर बघतात, मगच हात लावतात. बाकीच्याला ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून पुढे जातात. तू पाहुण्याच्या शब्दावर पोटात टाकलंस. काही विषारी जातींत खाल्ल्यावर सहा तास, कधी दिवसभर काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग बरं वाटल्यासारखं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत जातं. मे महिन्यात तुझं नशीब चांगलं होतं, एवढंच म्हणते.

‘परदेशात डिप्रेशनवर हेच देतात’ हे पाहुण्याचं बोलणं मी खोटं म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना, दुसऱ्या औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन लिहून देता येतं. २०२२ मध्ये २३३ रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, त्यात २५ मिलिग्रॅमच्या एका मात्रेनं तीन आठवड्यांनी १ मिलिग्रॅमपेक्षा बरा फरक दिसला. पण ते २५ मिलिग्रॅम शुद्ध, प्रयोगशाळेत बनवलेलं द्रव्य होतं. रुग्णांच्या आधीच्या गोळ्या देखरेखीखाली हळूहळू कमी केल्या होत्या. घरात स्किझोफ्रेनिया असलेल्यांना अशा चाचण्यांत घेतच नाहीत. खोलीत सहा-आठ तास प्रशिक्षित माणूस शेजारी बसलेला. आणि एवढं करूनही काहींच्या मनात आत्महत्येचे विचार आले, ते नोंदवलं गेलं. हरमल कुणीही घातलं नव्हतं. यातली एक तरी गोष्ट सड्यावर असणार आहे का?

सड्याचंही सांगते. तुला तिथला दगडन् दगड पाठ असेल. पण बुबुळं मोठी झालेली, अंतराचा अंदाज गेलेला, पायात थरथर, आणि खाली खडकावर फुटणारी भरती. अशा वेळी पाठ असलेलीच जागा माणसाला फसवते, कारण तिथे तो सावध नसतो. मोबाइलला रेंज येते का रे तिथे?

कायद्याचं दोन ओळींत. सायलोसायबिन आणि सायलोसिन दोन्ही १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहेत. केरळ उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये एका जामिनाच्या प्रकरणात मशरूम हा स्वतः यादीतला पदार्थ नाही असं म्हटलं, हे तुझा मित्र सांगेलच. जामिनावर सुटलेला माणूसही आधी आत गेलेला असतो. त्यात तुझा होमस्टे, पोलिसांकडे पाहुण्यांच्या नोंदी देणारा. आईच्या नावावर आहे का तो?

आणि हे सगळं वाचायच्या आधीच कुणी, तू किंवा तुझा मित्र, घेऊन बसला असेल तर: एकट्याला सोडायचं नाही. शांत, गार जागी बसवायचं, आवाज-उजेड कमी. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, ताक-लिंबू पाजून ‘उतरवायचं’ नाही. घाम, ताप, पायाची ती शिवणयंत्रासारखी उडी, आखडलेलं अंग, छातीत दुखणं, फिट, न थांबणाऱ्या उलट्या, यातलं काही दिसलं की १०८. क्रोसिन देत बसू नका. हा ताप आखडलेल्या स्नायूंमुळे चढतो, त्या गोळीनं उतरत नाही. अंग ओल्या फडक्यानं पुसत राहायचं. डॉक्टरांना सगळं सांगायचं: मशरूम, हरमल, एसिटालोप्रॅम, किती वाजता काय घेतलं. पुडी आणि गोळीचं पाकीट बरोबर न्यायचं. दवाखान्यात झटके शमवणारी औषधं देतात. कधी सायप्रोहेप्टाडिन देतात, तेच जे आपण पोरांना भूक लागायला म्हणून सिरपमध्ये पाजत आलो, कारण ते सेरोटोनिनच्या खुंट्या अडवतं. पण ते काम त्यांचं, घरातली बाटली काढून प्रयोग करू नका. विषबाधा म्हणून कागदावर नोंद होईल कदाचित. होऊ दे. गप्प राहिलात तर डॉक्टर उलटी थांबवायला किंवा दुखणं थांबवायला जे इंजेक्शन देतील, तेच पुन्हा त्या बुजलेल्या शेतात पाणी सोडेल.

‘कुणाला विचारू?’ असं तू शेवटी लिहिलंस. पूर्ण पत्रात खरा प्रश्न तोच, बाकीचं सगळं त्याच्या भोवतीचं. ज्यानं गोळी लिहून दिली त्याच डॉक्टरांना आधी फोन कर. ‘आठ महिने झाले, झोप आली पण मन उठत नाही’ असं म्हण. मशरूमचंही सांग. एवढ्यानं ते घाबरणार नाहीत, त्यांनी याहून बरंच ऐकलेलं असतं. गोळीची मात्रा बदलता येते, गोळी बदलता येते, सोबत समुपदेशन घेता येतं. १० मिलिग्रॅम म्हणजे काही शेवटचा थांबा नव्हे. तो फोनही जड वाटत असेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात आणि पलीकडचा माणूस वेंगुर्ल्याचा नसतो. हे शेवटचं तुला महत्त्वाचं वाटेल म्हणून लिहिलं.

पुडी संडासात टाकून पाणी ओत. शेणखईत किंवा परसात नको, गुरं-कुत्री उकरतात. हरमलही तसंच. मित्राला दिलंस तर तो दुसऱ्या कुणाला देईल.

आणि आईला सांग. आजच असं नाही, पण गौरी-गणपतीची पाहुणेमंडळी मुंबईला परत गेली, घर रिकामं झालं, की सांग. डिप्रेशन वगैरे शब्द नको, तिला ते टीव्हीतले वाटतील. ‘बाबा गेल्यापासून मला झोप लागत नाही, त्याची गोळी चालू आहे’ एवढंच म्हण आणि मग जरा गप्प बस. दीड वर्ष तीही त्याच घरात, त्याच रात्री झोपायचा प्रयत्न करतेय.